‘लेबल’ या रकान्यात काय लिहायचं?

आमचं रेकॉर्ड लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, एका रिकाम्या रकान्यातून निघालं. चार गाण्यांचा पहिला ईपी, म्हणजे छोटा अल्बम, तयार होता. मास्टर केलेल्या, म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरवलेल्या, फाइल हातात होत्या, मुखपृष्ठ 3000 बाय 3000 पिक्सेलच्या चौकोनात कसंबसं बसवलं होतं, आणि रात्री दीड वाजता मी गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या साइटवर फॉर्म भरत बसलो होतो. कलाकाराचं नाव, गाण्याचं नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, आणि मग ‘लेबल’. तो रकाना रिकामा ठेवला तर पुढे जाता येईना. बेसिस्टला फोन लावला. तो झोपेत म्हणाला, “काहीही टाक रे, उद्या बदलू.” मी काहीही टाकलं. ते आजवर बदललेलं नाही. नाव इथे सांगत नाही, कारण मला ते अजूनही आवडत नाही.

म्हणजे स्वतंत्र संगीताची चळवळ वगैरे काही डोक्यात नव्हतं. आमची गाणी दुसरं कुणी काढणार नव्हतं म्हणून आम्ही काढली, इतकंच. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की या धंद्यातल्या बऱ्याच मोठ्या नावांचीही सुरुवात अशीच झालेली. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने 1977च्या जानेवारीत आपला पहिला ईपी स्वतःच काढला, तोही पाचशे पाउंड उसने घेऊन. पहिल्या खेपेला हजारच प्रती छापल्या होत्या. वॉशिंग्टनमध्ये इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी 1980 मध्ये डिस्कॉर्ड हे लेबल सुरू केलं ते तर मोडलेल्या बँडसाठी. टीन आयडल्स बंद पडला होता, कार्यक्रमांचे साठवलेले पैसे शिल्लक होते, आणि ते आपसांत वाटून घेण्याऐवजी पोरांनी त्यातून रेकॉर्ड काढली. कव्हरं हाताने कापली, दुमडली, चिकटवली. ती हाताने दुमडलेली कव्हरं मला वाचताक्षणी भावली. न वाटलेल्या पैशांमागचं शहाणपण कळायला मात्र काही वर्षं जावी लागली.

मी गिटार वाजवतो. आमच्या बँडची पहिली वर्षं कुठल्याही बँडसारखीच गेली. अँप उचलून पाठ धरली, तीन बँडांच्या कार्यक्रमात आपण पहिले म्हणून साउंडचेक नाही, पंधरा माणसांपैकी सहा पुढच्या बँडची. त्यात सांगण्यासारखं फार नाही. रेकॉर्डिंगचं मात्र सांगतो, कारण तिथे मी पहिल्यांदा काहीतरी शिकलो.

ईपीसाठी स्टुडिओचे दोन दिवस घेतले होते. त्यातला पहिला अख्खा दिवस ड्रम्सना माइक लावण्यात गेला. स्नेअरचा, म्हणजे ड्रम्समधल्या करकरीत वाजणाऱ्या ढोलाचा, आवाज पोकळ येत होता, पुठ्ठ्याच्या खोक्यावर काठी मारावी तसा. माइक बदलले, चामडं ताणलं, सैल केलं, स्नेअरच बदलून पाहिली. संध्याकाळी इंजिनिअरने खिशातून मोजपट्टी काढली आणि वर टांगलेल्या दोन माइकांचं स्नेअरपासूनचं अंतर मोजलं. एक माइक दुसऱ्यापेक्षा वीस सेंटिमीटर लांब होता. तोच टोला दोन्हीकडे वेगवेगळ्या क्षणी पोचत होता आणि एकमेकाला खात होता. स्टँड थोडा सरकवला आणि स्नेअर परत आली. हजारोंची यंत्रं भिंतीला लागून पडली होती आणि काम केलं ते मोजपट्टीने. तेव्हापासून माझ्या गिटारच्या पेटीत एक मोजपट्टी असते.

त्या इंजिनिअरने एकरकमी पैसे घेतले, गाण्यांत वाटा मागितला नाही. शिकागोच्या ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीचं तत्त्वही हेच होतं: आवाज मुद्रित करणाऱ्याने प्लंबरसारखी कामाची मजुरी घ्यावी, रॉयल्टी घेऊ नये. निर्वाणासारख्या बँडकडूनही त्याने घेतली नाही. आमच्या इंजिनिअरचं तत्त्व काही इतकं उदात्त नव्हतं. त्याला आमच्या गाण्यांवर भरवसा नव्हता.

आता त्या रात्री दीडच्या फॉर्मकडे परत येतो, कारण घोळ तिथेच झाला होता. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात, हे मला लेबल काढून दोन वर्षांनी कळलं. एक म्हणजे रचना: शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या रचनेचं हे अमुक ध्वनिमुद्रण, ज्याला आम्ही मास्टर म्हणतो. रचना रचणाऱ्यांची. मास्टर बहुधा ज्याने खर्च केला त्याचं. एका जाहिरात करणाऱ्याला आमच्या तिसऱ्या गाण्याची तीस सेकंद हवी होती, आणि त्यासाठी दोन्हींची परवानगी लागत होती, दोन्हींचे पैसे वेगळे. मेल वाचून आम्ही तालमीच्या खोलीत अक्षरशः नाचलो. मग त्याने पुढचा प्रश्न विचारला: रचना कोणाची?

फॉर्मवर मी शब्दांपुढे गायकाचं नाव टाकलं होतं आणि चालीपुढे माझं. मनात पाप नव्हतं, डोळ्यांवर झोप होती. पण त्या गाण्याची ओळख म्हणजे त्याचा ठेका. सात मात्रांचा, पाचव्या मात्रेवर ठेच लागल्यासारखा. तो ड्रमरने आणला होता, एका तालमीत सगळे सामान आवरत असताना. मी गिटारचा तुकडा त्याच्यावर बसवला, त्याने माझ्या तुकड्यावर ठेका नव्हता बसवला.

“चाल तुझी एकट्याची?” त्याने विचारलं.

मी म्हणालो, “ठेक्याला सहसा रचना धरत नाहीत. मी वाचलंय.”

हे बरोबर होतं की चूक, हा मुद्दाच नाही. आठ वर्षांच्या दोस्ताला मी तालमीच्या खोलीत उभा राहून वाचलेलं सांगत होतो. तो काही बोलला नाही. झांजांच्या स्टँडचे पेच एकेक करून सोडवले, एकेक झांज कापडात गुंडाळली, पिशवीत उभी ठेवली. मग पेडल, मग स्नेअर. गिटारवाल्याला रागावून निघून जायला एक मिनिट पुरतं, पेटी उचलली की झालं. ड्रमरला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास आम्ही तिघं तिथेच उभे होतो आणि एकानेही तोंड उघडलं नाही. एक स्टँड मी उचलायला गेलो तर त्याने नुसती मान हलवली.

जाहिरातीचे पैसे आले ते मी चौघांत सारखे वाटले. फॉर्मही दुरुस्त केला. त्याने पैसे घेतले, बँडमध्ये परत आला नाही. त्या काळात मी सुपरचंक बँडच्या मॅक मकॉहन आणि लॉरा बॅलन्स यांच्याबद्दल वाचत होतो. दोघांनी 1989 मध्ये मर्ज रेकॉर्ड्स काढलं. एकाच बँडमध्ये वाजवायचे, शिवाय जोडीही होती. जोडी तुटली, पण बँड चालला, लेबल चाललं, आणि 2011 मध्ये त्यांच्या लेबलच्या आर्केड फायरच्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. लोक ग्रॅमीचं सांगतात. मला त्या दोघांचे हिशेब कसे असतील याचं कुतूहल वाटत राहायचं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. नवीन गाण्याला आकार आला की त्याच तालमीत, सामान आवरायच्या आत, एक कागद भरायचा. गाण्याचं नाव (बहुतेकदा ‘नवीन 3’ असं काहीतरी), हजर कोण होतं, कोणाचे किती टक्के, सह्या. बेरीज शंभर आलीच पाहिजे. हसू नका, एकदा एकशे दहा आली होती. कागदाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवायचा. पहिल्यांदा हे करताना फार ओशाळल्यासारखं होतं, देवळात पावती फाडल्यासारखं. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून कुणाला काही वाटत नाही.

लेबल तोवर फक्त आमचंच होतं. ते दुसऱ्यांचं झालं ते एका कार्यक्रमानंतर. आमच्या आधी वाजवलेल्या बँडची गायिका केबल गुंडाळत होती. मला म्हणाली, “दादा, तुमचं लेबल आहे ना? आमचं काढाल?” माझं काही लेबल नाही, एक रकाना आहे, असं सांगणार होतो. पण त्यांचं शेवटचं गाणं डोक्यातून जात नव्हतं. “काढू की,” म्हणालो. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी माझी गत त्या एका शब्दाने झाली. हे घोडं मी स्वतः मागून घेतलं होतं, एवढाच फरक.

करार करायचा नाही, तोंडी ठरवायचं, असं माझं मत होतं. शिकागोचं टच अँड गो हे लेबल वर्षानुवर्षं तसंच चाललं: खर्च वजा जाता उरेल ते निम्मं बँडचं, निम्मं लेबलचं, आणि कागद नाही. ऐकायला सुंदर. मग पुढचं वाचलं. बटहोल सर्फर्स या त्यांच्याच एका बँडशी वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 1999 मध्ये अपील कोर्टाने बँडच्या बाजूने निकाल दिला. ज्या कराराला मुदतच ठरलेली नाही तो मोडता येतो, असा त्याचा मथितार्थ. दोघांत कुणी लबाड होतं असं मला वाटत नाही. किती वर्षांसाठी, एवढं कधी कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून आम्ही एक पानभर लिहिलं. मास्टर बँडचं, आमच्याकडे सात वर्षांसाठी. खर्च वसूल झाल्यावर निम्मं-निम्मं. दर सहा महिन्यांनी हिशेब, शिल्लक शून्य असली तरी. सगळ्यात जास्त वेळ ‘खर्च’ या शब्दावर गेला. स्टुडिओ खर्च, मास्टरिंग खर्च, छपाई खर्च, हे ठीक. माझं येणं-जाणं? कव्हर काढणाऱ्या मित्राला दिलेलं? माझा वेळ? गायिकेने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं, ‘लेबलचालकाचा वेळ खर्चात धरला जाणार नाही.’ लिहिताना फार थोर वाटलं होतं. आज त्या पानातली तीच ओळ मला सगळ्यात महाग पडते.

त्यांच्या अल्बमची आम्ही तबकडी काढायची ठरवली. व्हिनाइल. साल 2021, म्हणजे याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. तबकडीचा पहिला साचा ज्या लॅकरच्या चकतीवर कोरतात, त्या चकत्या बनवणारे जगात दोनच मोठे कारखाने होते. त्यातला कॅलिफोर्नियातला अपोलो फेब्रुवारी 2020 मध्ये जळाला. मग महामारी आली, घरी बसलेल्या लोकांना तबकड्यांचा शौक लागला, आणि मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या ऑर्डरींनी रांग भरून गेली. आम्हाला आठ महिने सांगितले होते. नमुन्याच्या प्रती यायलाच नऊ लागले.

नमुना म्हणजे मधल्या कागदी लेबलवर काही न छापलेल्या, कव्हर नसलेल्या पाच तबकड्या. हजारांचा छाप सुरू करण्याआधी ऐकून सही द्यायची असते. आम्ही पाच जण जमिनीवर बसलो. पहिली बाजू लावली. पहिलं गाणं सुरेख, दुसरं सुरेख, गायिका डोळे पुसतेय. पाचवं गाणं सुरू झालं आणि झांजा तळल्यासारख्या आवाज करायला लागल्या. तिच्या ओळीतला प्रत्येक ‘स’ फुटत होता. ‘सरून’ हा शब्द तर सापाने म्हटल्यासारखा. सुई पुसली. दुसरी प्रत लावली. तेच.

फॅक्टरीला रागाने मेल लिहायच्या आत मास्टरिंग करणाऱ्याला फोन केला, हे माझ्या आयुष्यातल्या मोजक्या शहाण्या निर्णयांपैकी एक. तो म्हणाला, “चूक फॅक्टरीची नाही. तबकडीच्या आतल्या कडेला जागा किती असते माहीत आहे का तुला?” मग त्याने गणित सांगितलं. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. बाहेरच्या कडेला त्या वेळात सुईखालून मोठा घेर जातो, सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच. आत मधल्या कागदी लेबलजवळ घेर आक्रसतो, तिथे सेकंदाला 20-21च. वेळ तेवढाच आणि खाच निम्म्याहून कमी. वरचे बारीक आवाज, म्हणजे झांजा आणि ‘स’, यांच्या लहरी तिथे इतक्या दाटीने बसतात की सुईला त्या वळणांवरून नीट जाताच येत नाही. म्हणून जाणकार लोक बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवतात. आम्ही अल्बममधलं सगळ्यात कर्कश गाणं ठेवलं होतं, टाळी घ्यायला. वर त्या बाजूची लांबी 23 मिनिटं. खाचा तितक्या जवळजवळ, म्हणून आवाजही खाली उतरवावा लागलेला.

गाण्यांचा क्रम बदलायला बँड तयार होईना. क्रमात म्हणे गोष्ट होती. दोन तास वाद झाला. शेवटी बेस वाजवणारा पोरगा म्हणाला, “गोष्ट ऐकूच येत नसेल तर काय उपयोग?” पाचवं गाणं दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला गेलं, एक लहान गाणं फक्त डिजिटलला राहिलं, झांजांची धार मास्टरिंगवाल्याने थोडी बोथट केली. पुन्हा कोरणं, पुन्हा साचा, पुन्हा रांग. हा दुसऱ्यांदाचा खर्च कोणाचा, यावर पानभर करारात एक शब्द नव्हता. मी लेबलच्या निम्म्यातून घेतला. गाण्यांचा क्रम मी पाहिला होता आणि ‘वा’ म्हणालो होतो.

त्यांचा पहिला सहामाही हिशेब गेला तो उणे चिन्हासकट. तबकड्या विकल्या जात होत्या, पण खर्च अजून निघाला नव्हता. सर्वांत जास्त विकले जात होते टीशर्ट, ज्यांना गाणी येतात असं कुणी म्हणणार नाही. गायिकेचा फोन आला. “दादा, हे उणे म्हणजे आम्ही तुम्हाला द्यायचे?” नाही गं, म्हणालो, नुकसान झालं तर ते लेबलचं, तुम्ही एक पैसाही देणं लागत नाही. ती गप्प झाली. मग म्हणाली, “मग लिहिता कशाला?” तेव्हा मला जे उत्तर सुचलं नाही ते पुढच्या हिशेबात घातलं. उणे आकड्याच्या शेजारी आता एक ओळ असते: ‘खर्च भरून निघायला अजून अंदाजे इतक्या प्रती.’ तो आकडा दर सहा महिन्यांनी उतरताना दिसतो. फोन बंद झाले. चौथ्या हिशेबात तो शून्य झाला आणि त्यांना पहिले पैसे गेले. फार नव्हते. तिने त्यातून नवी केबल घेतली, फोटो पाठवला.

स्ट्रीमिंगचं लोक विचारतात म्हणून थोडक्यात सांगतो. 2024 पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा तरी न वाजलेल्या गाण्याला मुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. आमच्या यादीतली निम्मी गाणी त्या रेषेखाली आहेत. आकडा आधीही मोठा नव्हता, पण रक्कम दिसायची तिथे आता नुसती रेघ दिसते, आणि हिशेब पाहणाऱ्या पोरांना ती रेघ उणे चिन्हासारखी वाटते. बँडकँप या साइटवर लोक थेट विकत घेतात, डिजिटल विक्रीतून ते 15 टक्के ठेवतात, पेमेंटचं शुल्क जाऊन बाकीचं येतं. आमच्यासारख्यांचं पोट, जे काही आहे ते, तिथे आणि कार्यक्रमांच्या टेबलावर भरतं. आणि बारा अक्षरी आयएसआरसी कोड, म्हणजे मुद्रणाचा ओळखक्रमांक, प्रत्येक मुद्रणाला एकदाच द्यायचा असतो. मी एका गाण्याला दोनदा दिला, त्याची मोजणी दोन ठिकाणी विभागली गेली आणि ते निस्तरायला तीन महिने मेल लिहीत होतो. असल्या गोष्टींचं गाणं होत नाही, पण माझे दिवस त्यात जातात.

मध्ये एकदा गिटारची पेटी उघडली तर खालच्या तीन तारा गंजून तांबूस झाल्या होत्या. बोट फिरवलं तर डाग पडला. हिशेब काढला: दुसऱ्या बँडांचे तीन रिलीज ओळीने काढताना अकरा आठवडे मी पेटी उघडलीच नव्हती. कुणाला विचारावं लागू नये म्हणून लेबल काढलं, आणि आता पाच बँड मला विचारतात. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही हे मला कळतं. तरी त्या तारा मी टाकल्या नाहीत, ड्रॉवरमध्ये आहेत. मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी आता मेलला उत्तर देत नाही. वाजवतो. नवा ड्रमर चांगला आहे, आणि कागदावर सही करताना टक्के वाचतो.

जुन्या ड्रमरचा हिशेब मी दर जानेवारीत आणि जुलैत पाठवतो. पहिल्या ईपीतल्या चारही गाण्यांत त्याचे पंचवीस टक्के आहेत, रक्कम कधी कधी हसण्याइतकी. इतकी वर्षं त्याच्याकडून एका अक्षराचं उत्तर यायचं: ‘ठी’. ठीक पूर्ण लिहायचाही कंटाळा. मागच्या जुलैत मात्र दोन ओळी आल्या.

“चौदाव्या ओळीत बेरीज चुकली आहे. मला जास्त दिलेस. पुढच्या वेळी वळते कर.”

तपासलं. चुकली होती. वळते केले.